टिपूला नियम कोणी सांगितला होता?

‘लगान’मधली ती मॅच मी किती वेळा पाहिली असेल, मोजलेलं नाही. टीव्हीवर लागला की चॅनल बदलायचं नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम. गेल्या दिवाळीत वणीला घरी होतो तेव्हा तो पुन्हा लागला. सोबत भाचा होता. वय तेरा, शाळेच्या सॉफ्टबॉल टीमचा शॉर्टस्टॉप, मोबाइलमधून मान क्वचितच वर काढणारा.

तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. इस्माइल जखमी आहे. त्याच्यासाठी टिपू नावाचा लहानगा रनर म्हणून धावतोय. उत्साहाच्या भरात तो चेंडू पडायच्या आधीच क्रीज सोडतो. इंग्रज बॉलर धावत येतो, थांबतो आणि बेल्स उडवतो. पंच बाद देतात. गावकरी हबकून बघत राहतात. आपणही दरवेळी त्या बॉलरला मनातल्या मनात शिव्या घालतो.

भाच्यानं मान वर केली. “मामा, पण त्यानं क्रीज सोडलीच होती नं? मंग आउटच आहे तो.”

मला म्हणायचं होतं, अरे, लहान पोरगा आहे तो, असं करतात का? पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. नववीत असताना जिल्हास्तरीय स्पर्धेत थर्ड बेसवर उभं राहून मी जे केलं होतं, ते त्या इंग्रजाच्या बॉलरपेक्षा वाईट होतं. ‘लगान’ २००१ साली आला. मला त्याबद्दल हा प्रश्न पडायला इतकी वर्षं लागली, आणि तोही तेरा वर्षांच्या पोरामुळे.

•

पुण्यात ऑफिसमध्ये सांगितलं की मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, तर लोक विचारतात, “वणीत? सॉफ्टबॉल?” त्यांच्या डोक्यात वणी म्हणजे कोळशाच्या खाणी, धुळीनं काळे झालेले रस्ते आणि कापूस. ते खोटं नाही. पण विदर्भातल्या शाळांमध्ये हा खेळ बराच रुजलेला आहे. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये तो आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी शिडी आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्याचे, म्हणजे विभाग अमरावती.

आणि खोटं कशाला बोलू, आम्ही खेळाच्या प्रेमापोटी सुरुवात केली नव्हती. क्रिकेटमध्ये नंबर लागणं अशक्य. सॉफ्टबॉलला टीम कमी, म्हणून वर जायची वाट जवळची. वर गेलं की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट असलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांच्या घरी हा खेळ माहीत नव्हता, पण हा हिशोब पाठ होता. त्यामुळे ‘खेळच तर आहे’ हे वाक्य आमच्याकडे चालत नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं मैदानावर नोकरीच्या रांगेत उभी होती.

समोरच्या टीममधली पोरंसुद्धा त्याच रांगेत होती, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नाही.

पहिलीच मॅच एका आश्रमशाळेच्या टीमशी होती. त्यांची बहुतेक पहिलीच स्पर्धा. ग्लव्ह पुरेसे नव्हते, म्हणून इनिंग बदलली की ते आमचे मागून घ्यायचे आणि आम्ही द्यायचो. बॅटिंग मात्र दणदणीत. शेवटच्या इनिंगला आम्ही एका रननं पुढे, त्यांचे दोन आउट, आणि त्यांच्या एका पोरानं जीव तोडून धावत थर्ड बेस गाठला. थ्रो माझ्याकडे आला, पण उशिरा. तो सेफ.

बॉल मी पिचरकडे परत दिला नाही. ग्लव्हमध्येच ठेवला. बाहेरून सरांनी टोपीला हात लावला. ही खूण आम्ही दोन आठवडे घोटली होती.

मी त्या पोराला म्हणालो, “भाऊ, बेस सरकला रे. जरा पाय काढ, सरळ करतो.”

तो “हो” म्हणाला आणि दोन पावलं बाजूला झाला. मी ग्लव्ह त्याच्या खांद्याला लावला.

तो हसला. त्याला वाटलं, मी मस्करी करतोय. मग अंपायरचा हात वर गेला, आमची पोरं ओरडत आत पळाली आणि त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो घरी. त्यांचं सगळं वर्ष तिथे संपलं.

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “ह्याले म्हणतात गनिमी कावा!”

पुढची कित्येक वर्षं, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरसुद्धा, मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. दरवेळी हशा पिकला.

•

नियमाचं काय? सॉफ्टबॉलमध्ये ‘टाइम’ फक्त अंपायर देतो. खेळाडू मागू शकतो, देऊ शकत नाही. अंपायरनं टाइम दिलेला नसेल आणि बॉल पिचरच्या हातात, सर्कलमध्ये पोचलेला नसेल, तर खेळ चालू असतो. चालू खेळात बेस सोडलेल्या रनरला बॉलसकट टॅग केलं की तो आउट. या हिशोबानं त्या दिवशीचा निर्णय बसतो. अखिलाडू वर्तन म्हणून अंपायर मला दटावूही शकले असते. त्यांनी तसं केलं नाही.

‘अंपायरनं आउट दिला ना? मग विषय संपला’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. माझ्या धंद्यात त्याची जुळी बहीण आहे: ‘स्पेकमध्ये लिहिलेलं नाही, म्हणजे बग नाही.’ दोन्ही वाक्यं सोयीची आहेत. पण नियमपुस्तक जरा नीट वाचलं की दिसतं, त्यातली बरीच कलमं जुन्या लबाड्यांवर मारलेली ठिगळं आहेत.

‘इनफिल्ड फ्लाय’चा नियम घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, दोनपेक्षा कमी आउट झालेत आणि बॅटरनं बेसजवळच उंच, सोपा कॅच उडवला. रनर बिचारे बेसला चिकटून थांबतात, कारण कॅच घेतला तर त्यांना परतच यायचंय. आता फिल्डरनं तो मुद्दाम सोडला तर? सगळ्यांना पळणं भाग पडतं आणि एकाच्या जागी दोन आउट मिळतात. बेसबॉलमध्ये हे इतकं बोकाळलं की १८९५ मध्ये नियमच आला: असा कॅच हवेत असतानाच बॅटर आउट. आता सोडून फायदा नाही. सॉफ्टबॉलनं तो नियम उचलला. तसंच हातात बॉल नसताना टॅग केल्याचं नाटक करून रनरला थांबवणं किंवा घसरायला लावणं. सॉफ्टबॉलमध्ये तो अडथळा धरला जातो.

प्रत्येक ठिगळाआधी कुणीतरी फसलेलं असतं. पुस्तक नेहमी मागून येतं. त्यामुळे ‘पुस्तकात नाही’ एवढंच ज्याच्याकडे उत्तर आहे, त्यानं पुढच्या ठिगळाची सोय करून ठेवलेली असते.

•

म्हणजे युक्ती वाईट का? अजिबात नाही. फसवणं काढून टाकलं तर खेळात उरेल काय? कबड्डीत चढाई करणारा डावीकडे हूल देऊन उजवीकडे हात मारतो. खो-खोत पळणारा पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देतो. सगळं मैदान त्यासाठीच टाळ्या वाजवतं.

सॉफ्टबॉलमधली माझी आवडती युक्ती पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असतानाची. पहिल्या बेसवरचा मुद्दाम अर्ध्यात अडकतो, पकडला जातोय असं दाखवतो. समोरची टीम त्याच्यामागे लागली की तिसऱ्या बेसवरचा होमकडे सुटतो. यात कुणी कुणाशी खोटं बोललेलं नाही. सगळं उघड्यावर घडतं. बचावाला बघायची संधी आहे, थ्रो कुठे करायचा हे ठरवायची संधी आहे. आज फसले तर उद्या सराव करून तीच युक्ती मोडता येते. १४ वर्षांखालच्या गटात कॅचरचा थ्रो दुसऱ्या बेसपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तिथे ही युक्ती जरा जास्तच चालते. फक्त तिच्यावरच मॅच काढणाऱ्या सरांची पोरं १७ वर्षांखालच्या गटात गेली की उघडी पडतात, हेही मी पाहिलंय. पण ती लबाडी नाही. ती आळशी कोचिंग आहे.

मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत, आणि ते आपल्याला गल्लीतच शिकवले जातात. एक हूल, दुसरी रडी. हूल देणारा हुशार. रडी खाणाऱ्याला उद्या खेळायला घेत नाहीत. गल्लीत ‘टाइम प्लीज’ म्हटलं की राज्य घेणारासुद्धा थांबतो. चप्पल नीट करायची असते, पायात काटा घुसलेला असतो, आई हाक मारत असते. त्या वेळात कुणी आउट केलं तर सगळी गल्ली त्याच्यावर तुटून पडते. त्यासाठी नियमपुस्तक लागत नाही, कारण त्या शब्दावर विश्वास नसेल तर खेळच सुरू होणार नाही, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

मी त्या पोराला ‘टाइम प्लीज’ची भाषा बोललो आणि खेळ चालू ठेवला.

म्हणून मला आता एकच कसोटी महत्त्वाची वाटते. समोरच्याची चूक होताना मी कशाचा वापर केला? पायांचा, हातांचा, नजरेचा, की त्याच्या चांगुलपणाचा? रनर बेसला स्पर्श न करता पुढे पळाला आणि आम्ही अंपायरकडे अपील केलं, तर चूक त्याची होती, आम्ही जागे होतो. थर्ड बेसवरच्या पोरानं कुठलीही चूक केली नव्हती. कुणी मदत मागितली तर बाजूला व्हायचं, एवढंच त्याला घरी शिकवलेलं होतं. मी त्याच्या संस्कारांना आउट केलं.

•

आता ही कसोटी ‘लगान’ला लावली की गंमत होते. आशुतोष गोवारीकर यांच्या या सिनेमात दोन्ही प्रकारच्या युक्त्या आहेत आणि सिनेमा आपल्याला एकीवर टाळ्या, दुसरीवर शिव्या द्यायला सांगतो. गोली गोफण फिरवल्यासारखा हात गरागरा फिरवून बॉल टाकतो. इंग्रज तक्रार करतात, पंच विचार करून परवानगी देतात, आपण खूश. ही उघड हूल आहे. बॅट्समन समोर उभा आहे, त्याला हात दिसतोय, त्यानं खेळायला शिकावं. इथपर्यंत सिनेमा बरोबर.

टिपूच्या वेळी मात्र तो आपल्याला चुकीच्या माणसाकडे बोट दाखवायला लावतो. त्या बॉलरनं टिपूला ‘जरा पुढे हो’ असं सांगितलं नव्हतं. टिपू स्वतः पुढे गेला. अशा प्रकारे बाद करणं क्रिकेटमध्ये फार जुनं आहे. त्याला विनू मांकड यांचं नाव चिकटलं ते १९४७ मध्ये सिडनी कसोटीत त्यांनी बिल ब्राउनला असं बाद केल्यावर. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउनला आधी ताकीद दिली होती, ही गोष्ट मात्र नावाला चिकटली नाही. २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला असंच बाद करून सामना जिंकून दिला, तेव्हा इंग्लंडमध्ये खेळभावनेवर लेखांवर लेख पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून क्रिकेटच्या कायद्यांत हे कलम ‘अयोग्य खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये हलवलं गेलं. मला तो बदल पटतो. डीन व्यावसायिक खेळाडू होती, नियम तिला ठाऊक होता, पाय तिचाच होता.

टिपूला नियम ठाऊक होता का? माझ्या भाच्याचा प्रश्न तिथूनच पुढे न्यायला हवा. टिपू आउटच आहे, मान्य. पण तिप्पट लगान पणाला लागलेल्या सामन्यात एका लहान पोराला धावायला पाठवताना त्याला कुणी सांगितलं होतं, की बाबा, चेंडू सुटेपर्यंत क्रीज सोडू नकोस? ती जबाबदारी इंग्रज बॉलरची नव्हती. ती भुवनची होती, आणि गावाला खेळ शिकवणाऱ्या एलिझाबेथची होती. सिनेमाला शत्रू हवा असतो, म्हणून तो बॉलरकडे बघतो. आपल्या बाजूच्या मोठ्या माणसांकडे बघत नाही. टिपूच्या मनाचं काय झालं, तिथेही फार रेंगाळत नाही. पुढची विकेट महत्त्वाची असते.

पण ‘लगान’नं एक गोष्ट अचूक पकडली आहे, तीही बहुधा नकळत. नियम कुणाच्या तरी मालकीचे असतात. चंपानेरच्या लोकांना ते शिकायला साहेबाच्या बहिणीची वाट बघावी लागते. आमच्याकडे नियमपुस्तकाची इंग्रजी झेरॉक्स होती, सरांच्या कपाटात. त्यातून आम्हाला आमच्या कामापुरतं मिळालं. आश्रमशाळेच्या पोरांना कोण एलिझाबेथ भेटणार होती? टाइम फक्त अंपायर देतो, हे एक वाक्य त्या पोराला मराठीत कुणी सांगितलं असतं तर माझी सगळी हुशारी तिथल्या तिथे संपली असती.

म्हणून ‘गनिमी कावा’ हा शब्द मला आज सगळ्यात जास्त टोचतो. गनिमी कावा मूठभरांनी अफाट सैन्याविरुद्ध वापरायचा असतो. त्या मैदानावर मूठभर कोण होतं? ग्लव्ह आमच्याकडे, पुस्तक आमच्याकडे, अनुभव आमच्याकडे. शिवाय गनीम म्हणजे शत्रू. समोर उभा होता तो भिडू होता. अर्ध्या तासापूर्वी माझाच ग्लव्ह घालून खेळलेला.

•

सरांना खलनायक करून मी मोकळा होऊ शकतो, पण ते पुन्हा ‘लगान’सारखंच होईल. एकच पीटी शिक्षक, कबड्डीपासून मैदानी खेळांपर्यंत सगळ्या टीम त्यांच्याच गळ्यात, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं. वर्षाअखेर शाळा त्यांना एकच विचारणार, किती पोरं विभागाला गेली? त्यांनी आम्हाला उन्हात पळवलं, स्वतःच्या खिशातून केळी खाऊ घातली. ते आमच्यासाठी जिंकत होते. त्या मैदानावर चाळीसेक पोरं होती आणि त्यांनी त्यातली निम्मीच आपली मानली, एवढाच माझा आक्षेप आहे. लहान मुलांच्या खेळात कोच फक्त स्वतःच्या टीमचा नसतो. समोरची पोरंही त्या दिवशी त्याच्याकडूनच काहीतरी शिकून घरी जात असतात. मोठी माणसं गोड बोलली की पाय काढायचा नाही, हे त्या पोराला आमच्या सरांनी शिकवलं, माझ्या तोंडून.

आणि मी काय शिकलो? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये पैसे भरायच्या पानावर एक चौकट आधीच टिक करून ठेवायची होती. घाईत असलेला माणूस बघणार नाही आणि त्याच्या बिलात थोडे पैसे वाढतील. मी ती बनवली. मीटिंगमध्ये कुणीतरी ‘स्मार्ट’ म्हणालं आणि मला पाठीवरची ती थाप आठवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार यादीत घातले. ग्राहकाला न विचारता बिलात काहीतरी सरकवणं त्यात आहे. पुन्हा तेच, आधी माणसं फसली, मग ठिगळ आलं. बेस सरकलाय म्हणणं आणि चौकट आधीच टिक करणं यात मला आता फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे समोरचा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून पाय काढतो.

•

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्यासोबत मैदानावर गेलो. त्याच्या टीमची पोरं जमली होती. मी जुना थर्ड बेस असल्याची ख्याती त्यानं आधीच पसरवली होती. एक बारका पोरगा पुढे आला आणि म्हणाला, “काका, तो बेस सरकलावाला ट्रिक दाखवा नं!”

म्हणजे तो किस्सा जिवंत होता. माझ्या नावासकट.

मी दाखवला. पण रनरच्या बाजूनं. भाच्याला थर्ड बेसवर उभं केलं, बॉल ग्लव्हमध्ये लपवला आणि गोड आवाजात म्हणालो, “भाऊ, जरा पाय काढ.” तो हलला. टॅग केलं. सगळे हसले. मग सांगितलं: टाइम फक्त अंपायर देतो. समोरचा कितीही गोड बोलला तरी आधी अंपायरकडे बघायचं, हात वर करून टाइम मागायचा, मिळाला की मगच पाय काढायचा. प्रत्येकाला एकेकदा बेसवर उभं करून हे म्हणायला लावलं. दहा मिनिटांत ती युक्ती त्या टीमपुरती मेली.

बारक्याचं मात्र समाधान झालं नव्हतं. “पण काका, समोरच्याले हे माहीत नसलं तं? मंग आपण कराचं का नाही?”

मी म्हणालो, “माहीत नसलं तर मॅचच्या आधी जाऊन सांगून यायचं.”

“अन् मंग हरलो तं?”

भाचा माझ्याकडे बघत होता. मी लगेच काही बोललो नाही. दहावीचे गुण, पाच टक्के, सर्टिफिकेट, सगळं त्या पोराच्या प्रश्नात होतं आणि ते मला त्याच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. त्या वर्षी आम्ही विभागाला गेलो होतो. ते सर्टिफिकेट अजून घरी फाइलमध्ये आहे.

“तर हरायचं,” मी म्हणालो. आणि हे सांगायचा अधिकार मला आहे का, याचा विचार करत बॉल पिचरकडे टाकला.